बेड कुणी दिला?

घरच्या ग्रुपवर मी एक साधा प्रश्न टाकला होता. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाबद्दल आपल्या आमदारांनी गेल्या पाच वर्षांत विधानसभेत किती प्रश्न विचारले, कुणाला माहीत आहे का? दोन तास कुणी काही बोललं नाही. मग चुलतभावाचं उत्तर आलं, "तिकडं इंग्लंडात बसून आम्हाला शहाणपण शिकवू नको अक्का. बापूच्या टायमाला बेड कुणी दिला, इसरलीस का?" त्याखाली सात जणांनी अंगठा दिला होता. त्यात माझा सख्खा दादाही होता.

इसरले नाही. 2018 चा जून होता, मी सुट्टीला हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गावी आले होते. पेरणीचे दिवस. पहाटे चारच्या सुमाराला बापू, म्हणजे माझे वडील, उठायला गेले आणि त्यांना उठताच येईना. उजवा हात हलेना, तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटेना. आमच्याकडं म्हणतात तसं वारं गेलं होतं. मी इंग्लंडात एका दवाखान्यात रेडिओग्राफर आहे. डोक्याचा सीटी स्कॅन काढणं हे माझं रोजचं काम. मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी काढून आत रक्तस्राव नाही ना याची खात्री करावीच लागते. त्यामुळं जीपमध्ये बसल्यापासून मी बापूंच्या तोंडाकडं कमी आणि घड्याळाकडं जास्त पाहत होते.

तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा पाच वाजले होते. रात्रपाळीला एक सिस्टर होत्या, डॉक्टर नव्हते. सिस्टरनी बीपी पाहिलं, सलाईन लावलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, रेफर. 108 एका बाळंतिणीला घेऊन दुसरीकडं गेली होती. ती साडेसहाला परत आली. जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचायला आठ वाजले. तिथं सीटीचं मशीन बंद होतं. समोरच्या खाजगी सेंटरमध्ये पैसे भरून सीटी काढला, त्याचा रिपोर्ट हातात पडला तेव्हा अकरा वाजत आले होते. रक्तस्राव नव्हता, गुठळीच होती. म्हणजे इंजेक्शन देता आलं असतं. पण सात तास होऊन गेले होते.

वॉर्डात जागा नव्हती. तेव्हा दादाने फोन लावला. दादाने आमदारांच्या पीएला, पीएने साहेबांना, म्हणजे आमदारांना, साहेबांनी दवाखान्यात. पाऊण तासात बेड मिळाला. संध्याकाळी साहेब स्वतः येऊन गेले. बापूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाले, "आपल्या घरचेच आहेत, जरा लक्ष द्या." माय रडली. मीही हात जोडले. तो उपकार मी नाकारत नाही, आजही नाही.

पण त्याच दुपारी व्हरांड्यात सतरंजीवर एक बाई निजलेली होती. आमच्याही आधी आलेली. स्टँड नव्हता म्हणून तिचा पोरगा सलाईनची बाटली हातात उंच धरून उभा होता, एक हात दुखला की दुसऱ्या हातात घ्यायचा. त्याला फोन लावायला कुणी साहेब नव्हते. फोनने बेड तयार होत नाही, फक्त रांग बदलते. आमचा नंबर वर सरकला तो कुणाचा तरी खाली ढकलून. आणि बापूंचा उजवा हात ज्या साडेचार तासांत कदाचित वाचला असता, ते तास कुणाच्याही फोनने परत येणार नव्हते. रात्रपाळीला डॉक्टर असता, मशीन चालू असतं, तालुक्याला दुसरी रुग्णवाहिका असती तर ते तास आमच्या हाती राहिले असते. लोकप्रतिनिधीचं काम ते होतं. बेडचा फोन हे त्या न झालेल्या कामाच्या जागी आम्हाला मिळालेलं काहीतरी होतं, आणि आम्ही त्यालाच काम समजलो.

पुढच्या निवडणुकीत आमच्या शेतातल्या आखाड्यावर साहेबांची बैठक झाली. दवाखान्याचा विषय कुणी काढला नाही. कसा काढणार? घरच्या माणसाला हिशेब विचारत नसतात.

ही 'आपला माणूस' नावाची गोष्ट मी इकडंही पाहिली. 25 ऑक्टोबर 2022 ला ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान झाले. आदल्याच दिवशी लक्ष्मीपूजन झालं होतं. घरच्या ग्रुपवर त्यांचे गाईला ओवाळतानाचे फोटो फिरले. आमच्या विभागातल्या एका गुजराती सहकारी बाईंनी पेढे वाटले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं त्यांच्या खुर्चीवर आपल्यासारख्या रंगाचा माणूस बसला होता. पहिल्याच भाषणात त्यांनी सांगितलं की माझ्या सरकारात सचोटी, व्यावसायिकता आणि प्रत्येक पातळीवर उत्तरदायित्व असेल.

मग 4 जानेवारी 2023 ला त्यांनी देशाला पाच वचनं दिली. महागाई निम्मी करू, अर्थव्यवस्था वाढवू, कर्ज कमी करू, दवाखान्यातल्या प्रतीक्षा याद्या कमी करू, छोट्या बोटींतून होणारी बेकायदा घुसखोरी थांबवू. आणि म्हणाले, यावरून माझं मोजमाप करा. लोकांनी खरोखरच केलं.

महागाईचं वचन पाळलं गेलं. आधीच्या वर्षअखेरीला ती 10 टक्क्यांच्या वर होती, ऑक्टोबर 2023 मध्ये 4.6 टक्क्यांवर आली. विरोधक म्हणाले हे श्रेय मध्यवर्ती बँकेचं आणि उतरलेल्या इंधनदरांचं, तेही काही अंशी खरं होतं. पण आकडा खाली आला हे सगळ्यांनी मान्य केलं. दवाखान्याचं वचन मात्र मोडलं. वचन दिलं तेव्हा इंग्लंडमध्ये नियोजित उपचारांच्या यादीत सुमारे 72 लाख नोंदी होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या 77 लाखांच्या पुढं गेल्या. ही यादी दर महिन्याला एका ठरलेल्या गुरुवारी जाहीर होते. निवडणूक असो, संप असो, पंतप्रधान खूश असोत की नाराज, ती होतेच. त्या गुरुवारी आमच्या विभागातही कुजबुज असते, कारण सीटी, एमआरआयसारख्या तपासण्यांचा आकडाही त्याच दिवशी येतो. सहा आठवड्यांच्या आत तपासणी व्हावी असं मानक आहे आणि ते अनेक वर्षं गाठलेलं नाही. आम्ही कमी पडलो की ते सगळ्या देशाला दिसतं.

सुनक यांनी डॉक्टरांच्या संपाकडं बोट दाखवलं. संप झाले होते हेही खरं. पण फेब्रुवारी 2024 मध्ये एका मुलाखतीत त्यांना सरळ विचारलं गेलं की प्रतीक्षा यादीच्या वचनात तुम्ही अपयशी ठरलात का, आणि त्यांना हो म्हणावं लागलं. टीव्हीवर. निवडणुकीच्या वर्षात. मी ती मुलाखत दोनदा पाहिली. त्या माणसाबद्दल मला राग नव्हता, उलट थोडी कणवच वाटली. पण मला राहून राहून वाटत होतं की आमच्याकडं कुणाच्या तोंडून हा 'हो' मी कधी ऐकला आहे का?

सचोटीच्या बाबतीतही त्यांचं खातं उघडंच होतं. अर्थमंत्री असताना कोविडच्या निर्बंधात पंतप्रधानांच्या डाउनिंग स्ट्रीटवरच्या कार्यालयात एका वाढदिवसाला हजर राहिल्याबद्दल त्यांना एप्रिल 2022 मध्ये दंड झालेला. पंतप्रधान असताना चालत्या गाडीत सीटबेल्ट न लावल्याबद्दल पुन्हा दंड, तोही पोलिसांनी केलेला. देशाच्या पंतप्रधानाला पोलीस दंडाची पावती देतात, हे बापूंना फोनवर सांगितलं तर त्यांना खरं वाटेना.

4 जुलै 2024 च्या निवडणुकीत मी मत दिलं. भारतीय पासपोर्टवर. राष्ट्रकुलातल्या देशांचे इथं राहणारे नागरिक ब्रिटनच्या संसदेसाठी मतदान करू शकतात, हे आपल्याकडं फार लोकांना माहीत नसतं. निवासी परवान्याचं कार्ड दाखवलं, पेन्सिलीने फुली मारली, पाच मिनिटांत बाहेर. त्याआधी दोन महिने, 26 एप्रिलला, हिंगोलीत लोकसभेचं मतदान झालं होतं. तिथं मी मत देऊ शकले नाही, कारण परदेशी राहणाऱ्या मतदाराने नाव नोंदवलं तरी मत द्यायला स्वतः केंद्रावर हजर व्हावं लागतं. जिथं मी पाहुणी आहे तिथं मला मत आहे आणि जिथं बापूंचा हात गेला तिथं नाही. चुलतभाऊ म्हणतो तिकडं बसून बोलू नको. मला तिथं बोलण्याखेरीज दुसरं काही शिल्लकच नाही.

मतदानाआधी डर्बीतल्या आमच्या भागात चर्चच्या सभागृहात एक सभा झाली. सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच टेबलामागं, समोर आम्ही शंभरेक माणसं. स्टेज नाही, हार नाहीत. एका निवृत्त शिक्षिकेने उभं राहून विचारलं, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला 14 महिने थांबले, तुमच्या पक्षाने जाहीरनाम्यात त्यासाठी किती पैसे धरलेत आणि ते कुठून आणणार? उमेदवार गोल गोल बोलू लागला तर बाई बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या. "मी रक्कम विचारली," एवढंच पुन्हा म्हणाल्या. आवाज चढवला नाही की अपमान केला नाही.

इथले खासदारही लोकांना भेटतात, शुक्रवारी-शनिवारी, आपल्या जनता दरबारासारखंच. त्याला हे लोक सर्जरी म्हणतात. तिथं जाऊन तुम्ही दवाखान्याची तक्रार केलीत तर खासदार दवाखान्याला पत्र लिहितो, उत्तर मागतो, ते तुम्हाला कळवतो. पण तुमचा नंबर वर घ्या असं तो सांगू शकत नाही, आणि सांगितलं तर आमच्या विभागात त्याला कुणी दाद देणार नाही. कुणाचा स्कॅन आधी हे आजार ठरवतो. त्यामुळं खासदाराकडं लोकांना द्यायला उपकार नावाची वस्तूच उरत नाही. मग तो मतं मागायला येतो तेव्हा त्याला कामाचंच बोलावं लागतं. मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो. इथली माणसं आपल्यापेक्षा शहाणी म्हणून हे झालेलं नाही, त्यांच्या डोक्यावर बेडचं ऋण नाही म्हणून झालं आहे.

आपल्याकडं जाब विचारलाच जात नाही असंही नाही. विचारला जातो, पण कुणाला? 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण गेले. त्यातली 12 नवजात बाळं. पुढच्या दिवसात आकडा 31 वर गेला. आमच्या हिंगोली, परभणीकडचा गंभीर रुग्ण शेवटी नांदेडलाच पोचतो, त्यामुळं त्या बाळांमध्ये आमच्या भागातलीही असणार. 3 ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार तिथं गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या, म्हणजे डीनच्या, हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. खासदारांवर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. आमच्या ग्रुपवर मात्र तो व्हिडिओ 'याला म्हणतात खासदार' असं लिहून आला होता.

शौचालय घाण होतं, हे मी नाकारत नाही. पण एका डॉक्टरच्या हातात झाडू दिल्याने सफाई कामगारांची रिक्त पदं भरली जात नाहीत. औषधं कुठून खरेदी करायची, नर्सची किती पदं मंजूर करायची, निधी कधी सोडायचा हे अधिष्ठाता ठरवत नाही. ते ज्या सभागृहात ठरतं तिथं आपण निवडून दिलेली माणसं बसतात. मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हा स्वतःहून दखल घेतली आणि नेमके तेच प्रश्न विचारले. रिक्त पदं किती, औषध खरेदीसाठी नव्याने केलेल्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य अधिकारी का नाही. औषधांचा तुटवडा नव्हता असं शासन सांगत राहिलं. न्यायालयाने जे विचारलं ते आमच्या मराठवाड्याच्या 46 आमदारांनी आणि 8 खासदारांनी आधी विचारायचं होतं. ज्याने जाब द्यायचा तोच जाब विचारणाऱ्याच्या वेशात आला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या, याचं मला फार वाईट वाटतं.

आकडे आपल्याकडं नसतात असं कुणी म्हणू नये. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, राज्याच्या आरोग्य व्यवस्थेवरचा अहवाल मांडला गेला. सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टरांची 22 टक्के आणि नर्सची 35 टक्के पदं रिकामी. तीन नर्सचं काम दोघी करतात, असा त्याचा अर्थ. आमच्या तालुक्यात त्या रात्री एकट्या असलेल्या सिस्टर मला तो आकडा वाचताना आठवल्या. अधिवेशन संपलं, अहवाल कपाटात गेला. गावात त्याची एक ओळ पोचली नाही, आणि ती पोचवायचं काम कुणाचं तेही ठरलेलं नाही.

त्याआधीचं एक उदाहरण सांगते, कारण ते मला बाई म्हणून झोपू देत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा बायकांत एक. कोयत्याची उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी आधी घेतलेली आगाऊ रक्कम, नवराबायकोची मिळून असते. पाळीत दुखतंय म्हणून एक खाडा झाला तरी मुकादम दंड कापतो. अंगावरून जातंय म्हणून खाजगी डॉक्टरकडं गेली की तो कर्करोगाची भीती घालतो. पिशवी काढली की कटकट मिटली. विशी-तिशीतल्या पोरी यात आहेत. जवळ नीट चालणारा सरकारी दवाखाना असता, तिथं स्त्रीरोगतज्ज्ञ असत्या, सोनोग्राफी फुकट झाली असती तर यातल्या किती जणींची पिशवी वाचली असती? हा प्रश्न त्यानंतरच्या एकाही प्रचारात, एकाही पक्षाच्या व्यासपीठावर मुख्य मुद्दा झाल्याचं मला आठवत नाही. जातीवर मात्र रात्ररात्र सभा झाल्या.

पैशाचंही असंच. 4 ऑक्टोबर 2016 ला औरंगाबादेत मंत्रिमंडळाची बैठक झाली, मराठवाड्यासाठी सुमारे 49 हजार कोटींची घोषणा झाली. 16 सप्टेंबर 2023 ला, मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवात, त्याच शहरात पुन्हा बैठक, पुन्हा 45 हजार कोटींहून अधिक. सरकारं बदलली, आकड्यांचा अंदाज तोच राहिला. पहिल्या घोषणेतले किती रुपये प्रत्यक्ष खर्च झाले, हे दुसऱ्या घोषणेच्या आधी फळ्यावर लिहून दाखवायला हवं होतं. अनुशेष, म्हणजे विकासात मागं राहिलेली तूट, मोजायची पद्धत आपण 1984 च्या दांडेकर समितीपासून जाणतो. मराठवाड्याचं वैधानिक विकास मंडळ 1994 पासून होतं, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. मापं काढायचं एक साधन गेलं आणि मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात, त्याची चर्चा सोयाबीनच्या भावाच्या दहाव्या हिश्शाइतकीही झाली नाही.

सोयाबीनच्या भावाचंही सांगते. 2024 च्या विधानसभेला एका बाजूने क्विंटलला सहा हजारांचं आश्वासन दिलं, दुसऱ्या बाजूने सात हजारांचं. तेव्हा हमीभाव 4,892 होता आणि दादाचा माल मोंढ्यात त्याच्याही खाली गेला. पुढच्या हंगामाचा हमीभाव 5,328 जाहीर झाला. जे निवडून आले त्यांना सहा हजारांचं विचारायचं आणि जे पडले त्यांना सात हजार कुठून आणणार होता ते विचारायचं. 2023 या एका वर्षात मराठवाड्यात 1,088 शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, ही विभागीय आयुक्तालयाची नोंद आहे. या विभागात भावाचं आश्वासन सहज तोंडातून जायला नको.

आणि नैतिकतेचं बोलायचं तर आमची माती काही नापीक नव्हती. शिवाजीराव पाटील निलंगेकर आमच्याच मराठवाड्याचे. मुलीच्या एम.डी. परीक्षेच्या गुणांवरून उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च 1986 मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. बापू ते अजून सांगतात, एका परीक्षेच्या गुणांवरून मुख्यमंत्री गेला म्हणून. डिसेंबर 2024 मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा अमानुष खून झाला. तपासात जिल्ह्यातल्या मंत्र्यांच्या निकटवर्तीयाचं नाव आलं. मंत्र्यांचा राजीनामा आला मार्चमध्ये, छळाचे फोटो घराघरांत पोचल्यावर. मंत्री दोषी की नाही हा माझा मुद्दाच नाही. तपास नीट व्हावा म्हणून आधी बाजूला होणं, एवढंच निलंगेकरांच्या काळात जे शक्य होतं ते आता तीन महिने का घेतं?

इंग्लंडचे गोडवे गायला मी बसलेले नाही. याच देशात 1970 नंतरच्या दोन दशकांत 30 हजारांवर लोकांना दूषित रक्त आणि रक्तघटक दिले गेले, सुमारे तीन हजार माणसं मेली, आणि सरकारांनी, डॉक्टरांनी ते दडवलं. चौकशीचा अहवाल 20 मे 2024 ला आला, तेव्हा जाब विचारणारे कित्येक जण वारले होते. इथलं उत्तरदायित्वही लोकांनी वर्षानुवर्षं दारात बसून मिळवलेलं आहे. पण मिळालं की ते कागदावर उतरतं. 2015 च्या कायद्याने इथं तुरुंगवासाची शिक्षा झाली किंवा संसदेने काही काळ निलंबित केलं, अशा कारणांवरून खासदाराला मतदार परत बोलावू शकतात, मतदारसंघातल्या दहा टक्क्यांच्या सह्या सहा आठवड्यांत झाल्या की जागा रिकामी. 2019 मध्ये पीटरबरोच्या खासदारबाईंची जागा अशीच गेली. गाडी वेगात कोण चालवत होतं, याबद्दल त्या पोलिसांशी खोटं बोलल्या होत्या. आपल्याकडं उमेदवारांची गुन्ह्यांची आणि मालमत्तेची शपथपत्रं 2003 पासून उघडी आहेत. आमच्या गावातल्या किती जणांनी एक तरी वाचलं असेल?

चुलतभावाच्या बोलण्यातली एक गोष्ट मला खरोखर लागली आणि तिला उत्तर देणं मला टाळता येणार नाही. तिकडं बसून. हो, मी निघून आले. मी औरंगाबादेत शिकले तेव्हा सरकारी तंत्रज्ञाची भरती वर्षानुवर्षं होत नव्हती. होती ती अकरा महिन्यांची कंत्राटी नोकरी, मानधन कधी तीन-तीन महिने न येणारं. मी दोन वर्षं ती केली. मग परीक्षा दिल्या आणि इकडं आले. गेल्या महिन्यात दादाला मी म्हटलं, ग्रुपवर भांडण नको, तू फक्त एकदा आपल्या दवाखान्यात जाऊन एक्स-रेचं विचार. दादा गेला. मशीन आहे, नवंच आहे, प्लास्टिकही पूर्ण निघालेलं नाही. चालवणाऱ्याचं पद दोन वर्षांपासून रिकामं. दादाने हे फोनवर सांगितलं आणि दोघंही काही वेळ गप्प बसलो. ते पद माझं असू शकलं असतं.

मग त्याने विचारलं, आता काय करू? मी म्हटलं, साहेबांना फोन करू नको. माहिती अधिकाराचा अर्ज टाक, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मंजूर पदं किती, भरलेली किती, कोणतं पद कोणत्या तारखेपासून रिकामं, रात्री डॉक्टर किती दिवस हजर होते, 108 फोनवरून किती मिनिटांत आली. उत्तर आलं की त्याची एक प्रत साहेबांना द्यायची, आणि सोबत पत्र. पत्रात शिव्या नकोत, उपकाराची भाषाही नको. अधिवेशनाच्या आधी द्यायचं आणि विचारायचं की या पदाचा तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावं लागतं तो प्रश्न, तुम्ही लावणार का. लावला तर त्यांचे आभार गावच्या फळ्यावर लिहायचे. नाही लावला तर तेही तिथंच लिहायचं, तारखेसकट. जिल्हा नियोजन समितीची बैठक पालकमंत्री घेतात, तिथंही हाच कागद.

दादा म्हणाला, "साहेबांना वाईट वाटंल." वाटेल. साहेब वाईट माणूस नाहीत, रात्री दोनला फोन उचलतात, हे मी जाणते. पण रात्री दोनला त्यांना फोन करावा लागू नये, एवढंच तर आपण मागतो आहोत.

पत्र मी इथून लिहून पाठवलं, दादाने गावच्या बोलीत थोडं फिरवलं. सह्यांसाठी कागद चार दिवस पारावर होता. चुलतभावाने अजून केलेली नाही. काल दादाने फोटो पाठवला, एकोणीस सह्या झाल्या आहेत. पहिली बापूंची आहे, डाव्या हाताने केलेली.